बळाचे माप

अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल-संघांच्या आस्थापनेत मुख्य प्रशिक्षकाच्या खालोखाल ज्याचा अंमल चालतो, आणि वर्षाच्या काही महिन्यांत तर ज्याचा अंमल मुख्य प्रशिक्षकाहूनही अधिक असतो, असा एक हुद्दा गेल्या अर्धशतकात निर्माण होऊन दृढमूल झाला आहे. स्ट्रेंथ कोच, म्हणजे बलप्रशिक्षक, या नावाने ओळखला जाणारा हा गृहस्थ खेळातील डावपेच शिकवीत नाही. चेंडू कोणी कोणाकडे फेकावा, प्रतिपक्षाची फळी कोठे फोडावी, याविषयी त्याचे मत कोणी विचारीत नाही. अठरा ते बावीस वर्षांच्या शंभर-सव्वाशे तरुणांची शरीरे पहाटेपासून त्याच्या ताब्यात असतात, आणि ती बलिष्ठ, चपळ व आघातसहिष्णु करून हंगामाच्या प्रारंभी मुख्य प्रशिक्षकाच्या स्वाधीन करणे, एवढीच त्याची कामगिरी होय. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलहून सर्वस्वी निराळा खेळ आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्यात एकेक चढाई चार-सहा सेकंदांत संपते, आणि त्या चार-सहा सेकंदांत सव्वाशे-दीडशे किलो वजनाची माणसे पूर्ण वेगाने परस्परांवर आदळतात. म्हणून क्षणार्धात प्रकट होणारे बळ हीच तेथील मुख्य पुंजी ठरते.

या हुद्द्याचा पूर्ववृत्तांत अभ्यासण्याजोगा वाटतो, त्याचे कारण केवळ कुतूहल नव्हे. बळ ही वस्तू गुरूच्या अंदाजावर आणि शिष्याच्या आवेशावर सोपविलेली होती तोवर असा स्वतंत्र व्यवसाय उदयास आला नाही. ती वस्तू मोजता येते, तिची वृद्धी पायरीपायरीने घडविता येते, आणि त्या वृद्धीचा हिशेब दप्तरी नोंदविता येतो, हे सिद्ध झाले तेव्हाच तो जन्मास आला. आणि पुढे ज्या ज्या प्रसंगी मोजणे सुटून केवळ कणखरपणाची परीक्षा पाहण्याची वृत्ती बळावली, त्या त्या प्रसंगी याच व्यवसायाच्या हातून अनर्थ घडले, अशी माझी या इतिहासाच्या परिशीलनानंतर खात्री झाली आहे.

मोजणीची परंपरा अमेरिकेतील विद्यापीठांत फुटबॉलहून फारशी अर्वाचीन नाही. वैद्यकाची पदवी घेतलेला डडली सार्जंट हा व्यायामाचार्य 1879 साली हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाला, आणि तेथील हेमेनवे व्यायामशाळेत त्याने विद्यार्थ्यांच्या छातीचा घेर, दंड, पोटऱ्या, श्वासाचे सामर्थ्य यांची पद्धतशीर टिपणे ठेवून प्रत्येकाला त्याच्या उणिवेनुसार व्यायाम नेमून देण्याचा परिपाठ घातला. उभ्या जागेवरून माणूस किती उंच उडी घेतो यावरून त्याच्या बळाची परीक्षा करण्याची रीत त्याने 1921 साली प्रसिद्ध केली. ती त्याच्याच नावाने आजही प्रचलित आहे. त्या काळच्या अमेरिकन व्यायामशाळांत आपल्या आखाड्यांतील मुद्गलांचे लाकडी वंशज भिंतीशी ओळीने मांडलेले असत. हिंदुस्थानातील मल्लांचा हा व्यायाम कंपनी सरकारच्या गोऱ्या अंमलदारांनी पाहून इंग्लंडात नेला, आणि तेथून तो अटलांटिकपार जाऊन 1860 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या सिम केहो नामक कारखानदाराच्या खटपटीने ‘इंडियन क्लब’ या नावाखाली सर्वत्र पसरला. महाराष्ट्रातील तालमींशी या विषयाचा संबंध जोडण्यास एवढा एक धागा अस्सल आहे.

परंतु व्यायामशाळा आणि फुटबॉलचे मैदान यांच्यामध्ये दीर्घकाळ एक भिंतच उभी होती. मैदानावर त्या वेळी प्राणहानी होत असे. 1905 च्या एका हंगामात अठराच्या सुमारास खेळाडू दगावल्याने राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मातब्बर विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले, आणि पुढल्याच वर्षी आज एन.सी.ए.ए. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी नियामक संस्था अस्तित्वात आली. नियम बदलले, पण खेळाडूच्या शरीराच्या पूर्वतयारीचा विचार काही बदलला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेतावर गवताचे भारे उचलावेत, गिरणीत वा बांधकामावर राबावे, आणि हंगाम आला की धावून धावून घाम गाळावा, एवढ्यावरच प्रशिक्षकांची भिस्त होती. वजने उचलणाऱ्याचे स्नायू जखडतात, अंग आखडते, तो मंद होतो आणि त्याला स्वतःची पाठही खाजविता येत नाही, हा समज तर त्यांच्यात एखाद्या धर्मवचनाइतका दृढ होता. खेळाडूने वजनाला हात लावल्यास संघातून काढून टाकण्याची तंबी देणारे प्रशिक्षक विरळ नव्हते.

या समजाला पहिला धक्का बसला तो मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड कॉलेजात. बास्केटबॉलचा जन्म याच संस्थेत झाला, आणि मद्रासचे वाय.एम.सी.ए. शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन करणारे हॅरी बक हेही येथूनच शिकून आलेले. 1940 साली वजनांचा कारखानदार बॉब हॉफमन आपल्यासोबत जॉन ग्रिमेक या प्रख्यात शरीरसौष्ठवपटूला घेऊन तेथे प्रात्यक्षिकासाठी गेला असता, वजनांचा विरोधक म्हणून विख्यात असलेल्या पीटर कार्पोविच या शरीरशास्त्रज्ञाने भर सभेत ग्रिमेकला पाठ खाजवून दाखविण्यास सांगितले. ग्रिमेकने ती वरून व खालून दोन्ही हातांनी खाजवून दाखविली, आणि त्यानंतर दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून तो जमिनीला टेकला. कार्पोविचचा मोठेपणा असा, की जे डोळ्यांनी पाहिले ते त्याने नाकारले नाही. ते प्रयोगाने पडताळले. 1951 साली त्याने व विल्यम झोर्बास याने तीनशे वजन उचलणारे व तीनशे न उचलणारे अशा सहाशे पुरुषांच्या बाहूंचा वेग यंत्राने मोजून प्रसिद्ध केला, आणि वजन उचलणाऱ्यांचे हातच अधिक वेगाने फिरतात असे आढळून आले. आपले मत मोडले जाईल असा प्रयोग स्वतःच हाती घेणारा विद्वान मला फार आदरणीय वाटतो.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धाने आणखी एका बाजूने हीच वाट मोकळी केली होती. शिकागो येथील गार्डिनर लष्करी रुग्णालयात गुडघे निकामी झालेल्या सैनिकांची रांग लागली असता, बालपणी संधिज्वराने खिळून पडलेला आणि वजने उचलूनच पुन्हा उभा राहिलेला थॉमस डिलॉर्म हा तरुण डॉक्टर तेथे नेमणुकीवर होता. हलक्या हालचाली अनेक वार करण्याऐवजी भारी वजन थोड्या वेळा उचलावे, आणि रुग्ण जे वजन कसेबसे दहा वेळा उचलू शकतो ते त्याचे माप धरून ते आठवड्या-आठवड्याला वाढवीत न्यावे, ही त्याची उपचारपद्धती 1945 साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आज जगातील कोणत्याही व्यायामशाळेत वजने ज्या रीतीने वाढविली जातात तिच्या मुळाशी हेच दहाचे माप आहे. या साऱ्या व्यवसायाचा उगम एका रुग्णालयात, दुखावलेल्या शरीराची काळजी घेताना झाला, हे पुढील कथाभाग वाचताना विसरता कामा नये.

लुइझियाना प्रांताच्या बॅटन रूज या राजधानीत अॅल्विन रॉय याने जी व्यायामशाळा काढली होती, तेथे ही दोन सूत्रे एकत्र आली. लष्करी नोकरीत असताना 1946 च्या पॅरिस येथील जागतिक स्पर्धेत तो अमेरिकन भारोत्तोलकांच्या सहवासात राहिला होता, आणि एवढी अजस्र माणसे मांजराच्या चपळाईने हालचाल करतात हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. तो ज्या शाळेत शिकला ती इस्ट्रूमा शाळा 1954 साली फुटबॉलमध्ये गावातील प्रतिस्पर्धी शाळेकडून पराभूत झाली, त्यानंतर तेथील चालकांनी संपूर्ण संघ त्याच्या स्वाधीन केला. 1955 साली त्या संघाने प्रांतिक अजिंक्यपद मिळविले. त्या संघातील बिली कॅनन हा धावपटू शंभर यार्डांचे अंतर 9.4 सेकंदांत काटी आणि गोळाफेकीतही अग्रेसर असे. जखडलेल्या स्नायूंच्या सिद्धान्ताचे त्याहून प्रभावी खंडन कोणत्याही प्रयोगशाळेला करता आले नसते. कॅनन लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला तेव्हा त्याच्यापाठोपाठ रॉयची पद्धतीही तेथे शिरली. 1958 साली ते विद्यापीठ अपराजित राहून राष्ट्रीय विजेते झाले, आणि 1959 साली कॅननला विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचे हाइझमन पारितोषिक मिळाले.

रॉयचा पुढील वृत्तांत मात्र मिश्र आहे. 1963 साली व्यावसायिक क्षेत्रातील सॅन डिएगो चार्जर्स संघाने त्याला नोकरीस ठेवले. व्यावसायिक फुटबॉलमधील तो पहिला बलप्रशिक्षक होय. त्या वर्षी संघाने आपल्या लीगचे विजेतेपद मिळविले. परंतु त्याच वर्षी प्रशिक्षण-शिबिरात जेवणाबरोबर डायनाबोल नामक स्टेरॉइड औषधाच्या लहानशा गुलाबी गोळ्या खेळाडूंना देण्यात येत, आणि त्या घेणाऱ्यांना त्यांच्या परिणामांची पुरेशी कल्पना देण्यात आलेली नव्हती. स्टेरॉइडचा हा शिरकाव पुढील पंचवीस वर्षे विद्यापीठांच्या क्रीडाजीवनालाही ग्रासून राहिला. ज्या हातांनी या व्यवसायाचा पाया घातला त्याच हातांनी त्यात हे विष कालविले, ही गोष्ट दुःखद असली तरी इतिहासकाराने ती झाकून ठेवता कामा नये.

विद्यापीठाच्या पगारपत्रकावर हा हुद्दा कायमचा नोंदला गेला तो मात्र नेब्रास्कात, आणि त्याचे श्रेय बॉइड एप्ली या तरुणाला आहे. लिंकन शहरातील नेब्रास्का विद्यापीठात तो बांबू-उडीचा खेळाडू होता. 1969 साली पाठीला दुखापत झाल्याने उडी मारणे बंद पडले, तेव्हा तो शुल्टे फील्डहाउसमधील एका लहानशा खोलीत आपल्यापुरती वजने उचलू लागला. आणि दुखापतीमुळे सरावाला मुकलेले काही फुटबॉलपटू त्याचे पाहून त्याच्यासारखेच करू लागले. हे खेळाडू परतले ते पूर्वीहून बलवान होऊन, ही गोष्ट टॉम ऑस्बोर्न या सहायक प्रशिक्षकाच्या नजरेतून सुटली नाही. नेब्रास्काचा संघ त्या वेळी मोठ्या विवंचनेत होता. लागोपाठ दोन वर्षे दहांपैकी चार सामने गमावलेले, आणि 1968 च्या अखेरीस ओक्लाहोमाकडून 47-0 असा लाजिरवाणा पराभव पदरी आलेला. ऑस्बोर्नने एप्लीला मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हेनी यांच्यासमोर नेले. डेव्हेनींचा वजनांवर विश्वास नव्हता. तरीही सहायकाच्या शब्दाखातर त्यांनी मंजुरी दिली, आणि एकही खेळाडू मंद झाल्याचे दिसले तर त्याच दिवशी तुझी नोकरी जाईल, अशी सक्त ताकीद त्याला दिली. मुशाहिरा ठरला ताशी दोन डॉलर.

त्या ताकिदीतच या व्यवसायाच्या पुढील यशाचे बीज होते, असे मला वाटते. कोणी मंद होत नाही हे सिद्ध करावयाचे, तर कोण किती वेगाने धावतो हे आधी नोंदविले पाहिजे. म्हणून एप्लीने पहिल्या दिवसापासून हाती घड्याळ घेतले. दहा यार्ड व चाळीस यार्ड यांची धाव, सार्जंटची उभी उडी, आणि प्रत्येक वजनाचा उच्चांक या साऱ्यांची टिपणे ठेवून तो ती वरचेवर पडताळू लागला, आणि पुढे विक्रमवीरांची नावे त्याने भिंतीवरील फलकांवर झळकविली. त्यामुळे तिसऱ्या फळीतला अनाम खेळाडूही आपल्या कालच्या आकड्याशी झुंजू लागला. 1969 चा हंगाम संपताना नेब्रास्काने सन बाउल सामन्यात जॉर्जियाचा 45-6 असा फडशा पाडला. 1970 व 1971 ही दोन्ही वर्षे हा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. आणि त्यांतील पहिले विजेतेपद ज्या ऑरेंज बाउल सामन्याने निश्चित झाले त्यात 17-12 असा पराभूत झालेला प्रतिपक्ष लुइझियाना स्टेट, म्हणजे रॉयच्या पद्धतीचेच पहिले विद्यापीठ होते. या विजयांचे सारे माप एप्लीच्या पदरात घालणे अन्यायाचे होईल. ऑस्बोर्नने चढाईची रचनाच त्या सुमारास बदलली होती, आणि डेव्हेनींची खेळाडूंची निवड चोख होती. पण प्रतिस्पर्ध्यांना दिसली ती भिंतीमागची वजने. दशकभरात बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी आपापला एप्ली शोधला, आणि 1978 साली त्याच लिंकन शहरी 76 जणांच्या उपस्थितीत त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 1985 पासून ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देऊ लागली. हौशी मल्लविद्येला सनद प्राप्त झाली ती अशी.

सनद मिळताच पंथही निर्माण झाले. बाल्टिमोर कोल्ट्सचा पूर्वीचा प्रशिक्षक बिल स्टार याने 1976 च्या आपल्या ग्रंथात बेंच प्रेस, स्क्वॉट व पॉवर क्लीन ही त्रयी सांगितली, आणि ती असंख्य विद्यापीठांनी शिरोधार्य मानली. याउलट फ्लोरिडातील आर्थर जोन्स याने 1970 पासून नॉटिलस नावाची यंत्रे विकण्यास आरंभ करून, एकच आवर्तन पण शक्ती पूर्ण संपेतोवर, असा उपदेश चालविला. मिशिगन विद्यापीठात माइक गिटल्सन याने 1978 पासून सुमारे तीस वर्षे या मताचा झेंडा खाली पडू दिला नाही. बॅटन रूजमध्ये तर गुरुशिष्यपरंपराच चालली. रॉयच्या व्यायामशाळेत घडलेला गेल हॅच पुढे 2004 च्या ऑलिम्पिकसाठी अमेरिकन भारोत्तोलन संघाचा प्रशिक्षक झाला, आणि हॅचचा शिष्य टॉमी मॉफिट याच्या कारकिर्दीत लुइझियाना स्टेटने 2003, 2007 व 2019 अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. आपल्याकडील एखाद्या नामांकित तालमीच्या वस्तादांची नावे जशी पिढीजात सांगितली जातात, तशीच ही तीन नावे त्या गावी सांगितली जातात.

या हुद्द्याचे महत्त्व एवढे वाढण्यास एक नियमही कारणीभूत झाला. विद्यार्थ्यांचा सारा वेळ खेळाने गिळू नये म्हणून एन.सी.ए.ए.ने 1991 पासून हंगामात आठवड्याला वीस तास व हंगामाबाहेर आठ तास अशी मर्यादा घातली, आणि हंगामाबाहेरच्या बऱ्याच काळात खेळाच्या प्रशिक्षकांना खेळाडूंपासून दूर ठेवले. बलप्रशिक्षकाला मात्र त्याच काळात खेळाडूंसमवेत काम करण्याची मुभा राहिली. परिणामी जानेवारीच्या थंडीतील पहाटे आणि जून-जुलैच्या उन्हातील सकाळी तोच एकटा संघाचा कारभारी झाला. कोणाचे घरी बिनसले आहे, कोण झोपत नाही, कोणाचे वजन उतरत आहे, हे त्याला सर्वांच्या आधी कळते. आणि मुख्य प्रशिक्षकाचा शब्द न शब्द तोच खेळाडूंच्या गळी उतरवितो. मुख्य प्रशिक्षक बडतर्फ झाला की बहुधा त्यालाही बिऱ्हाड हलवावे लागते. उमेदवारीची पहिली काही वर्षे बिनपगारी किंवा नाममात्र वेतनावर काढून, चार-पाच गावे बदलून, चाळिशीच्या सुमारास ज्याला मोठ्या विद्यापीठात स्थान मिळते तो भाग्यवान. 2020 च्या सुमारास अशा अग्रगण्यांचे वार्षिक वेतन आठ लाख डॉलरपर्यंत पोहोचले होते.

एवढी सत्ता ज्याच्या हाती एकवटते त्याला वेळीच थांबा म्हणणारा कोण, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. फुटबॉलमध्ये वजनांच्याही पूर्वीपासून दुसरी एक परंपरा होती, ती सोसण्याच्या परीक्षेची. 1954 साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक बेअर ब्रायंट याने जंक्शन या गावी दुष्काळी उन्हात दहा दिवसांचे शिबिर भरवून खेळाडूंना पाण्यावाचून राबविले. बहुतेकांनी शिबिर अर्ध्यावर सोडले, आणि टिकलेल्यांची पुढे वीरगाथा झाली. ही वीरगाथा मला कधीच रुचली नाही. तहानलेल्या शरीराला पाणी नाकारण्यात शिस्त कोणती आणि शास्त्र कोणते? परंतु तिचा मोह पुढील पिढ्यांतही टिकून राहिला. जानेवारी 2011 मध्ये आयोवा विद्यापीठात सुट्टीहून नुकत्याच परतलेल्या खेळाडूंना आपल्या कमाल वजनाच्या निम्मे वजन खांद्यावर घेऊन शंभर बैठका घड्याळ लावून मारण्यास सांगण्यात आले. तेरा जणांच्या स्नायूंचा इतका ऱ्हास झाला की त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे घड्याळ होते, पण डिलॉर्मची पायरी नव्हती. आदल्या आठवड्यात त्या शरीराने काय केले होते, याचा हिशेब कोणी मांडला नव्हता.

29 मे 2018 रोजी मेरीलँड विद्यापीठाच्या मैदानावर 110 यार्डांच्या दहा धावा चालू असताना जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा खेळाडू उष्माघाताने कोसळला. त्याच्या शरीराचे तापमान 106 अंश फॅरनहाइटपर्यंत चढले होते. उष्माघातात रुग्णाला तत्काळ थंड पाण्यात बुडविल्यास तो बहुधा वाचतो, हे सर्वज्ञात असताना ते करण्यात आले नाही, आणि 13 जून रोजी रुग्णालयात त्याचा अंत झाला. संघाचा बलप्रशिक्षक राजीनामा देऊन गेला, वर्षअखेरीपूर्वी मुख्य प्रशिक्षकही गेला, आणि विद्यापीठाने कायदेशीर व नैतिक जबाबदारी जाहीरपणे पत्करली. माता-पित्यांनी आपला मुलगा ज्यांच्या भरवशावर परगावी धाडला, त्यांच्या हाती थर्मामीटर आणि बर्फाचा हौद या दोन साध्या वस्तू वेळेवर असत्या, तर हा परिच्छेद लिहिण्याची वेळ आली नसती.

जुलै 2019 मध्ये एन.सी.ए.ए.ने वैद्यकीय संघटनांच्या संमतीने काही शिफारशी प्रसिद्ध केल्या. व्यायाम ही शिक्षा म्हणून कदापि देऊ नये. सुट्टीहून परतलेल्या खेळाडूवरील भार क्रमाक्रमानेच वाढवावा. वैद्य व शुश्रूषाधिकारी यांच्या निर्णयात प्रशिक्षकाने ढवळाढवळ करू नये. आणि बलप्रशिक्षकाने प्रत्येक दिवसाचा व्यायाम कोणता, किती व किती विश्रांतीने, हे आगाऊ लिहून ठेवावे, म्हणजे संघाच्या कारभाराबाहेरील जाणकारालाही तो कागद मागवून पाहता येईल, असे त्यांत सांगितलेले आहे.